पाठीवर कोण होतं

मोऱ्या, तू गेल्याचं तुझ्या पोरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते आधीच लिहून टाकतो. नंतर धीर होणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू वगैरे नंतर आलं, आंघोळीला गेलो तेव्हा, नळ सोडून. पण पहिल्या झटक्याला मनात आलं ते हेच, की चला, आता हे दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

वैशाली म्हणत होती, "काका, बाबाच्या फोनमंधी तुमचं नाव 'शिरक्या कोर्समेट' असं हाय. म्हनून पयले तुमालेच लावला." माझं नाव श्रीकांत. बायको 'अहो' म्हणते, कॉलनीत कर्नलसाहेब म्हणतात, आई होती तोवर 'श्री' म्हणायची. शिरक्या म्हणणारा तू एकटा. दुपारी जेवून खुर्चीवर बसला होतास, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं, असं ती सांगत होती. मी "हो, हो, निघतोच" म्हणालो आणि निघालो नाही. घाटावरही आलो नाही. बीपी वाढलंय असं घरी सांगितलं आणि पंख्याखाली पडून राहिलो.

कोर्समेट म्हणजे काय हे फौजेबाहेरच्या माणसांना मी फार छान समजावून सांगतो. एका दिवशी एका फाटकातून अकादमीत शिरलेली, एका न्हाव्यासमोर रांगेत बसून डोकी भादरून घेतलेली पोरं. पुढे कोणी जनरल होवो, कोणी मेजरवर अडकून पडो, मरेपर्यंत एकमेकांना 'तू'च म्हणणार. सख्ख्या भावांच्या वाटण्या होतात, कोर्समेटच्या होत नाहीत. हे वाक्य मी शाळांमधून, क्लबांमधून, माझ्या पोरीच्या लग्नात, कुठे कुठे टाकलं आहे. टाळ्या हमखास. आणि तू माझ्या घरापासून आठ किलोमीटरवर, लकडगंजात, लाकडाच्या वखारीत, टालीवर बसलेला होतास.

आपल्या तुकडीत विदर्भाचे आपण दोघंच. मी धरमपेठेतला, क्रिकेट खेळून आणि इंग्रजी पेपर वाचून आलेला. तू खाप्याचा बारापात्रे, विणकराचा पोरगा. वडलांच्या मागावर खड्ड्यात पाय सोडून पावड्या मारून मारून तुझ्या मांड्या अशा झाल्या होत्या की ड्रिलचा उस्ताद म्हणायचा, ये लडका नहीं, खच्चर है. मेसमध्ये काट्याचमच्यानं वाटाण्याचा पाठलाग करताना तुला घाम फुटायचा, पण पिट्ठू पाठीवर चढवून धावायचं म्हटलं की तुझा चेहरा खुलायचा. आपल्या बोलीत बोललेलं उस्तादांना चालत नसे. मग आपण संडासामागच्या नळावर जाऊन पाच मिनिटं पोटभर बोलायचो. "काय गा शिरक्या, कसं चालू हाय तुयं?" एवढं ऐकलं की मला बरं वाटायचं. घरी मी तशी बोली बोलत नसे, आई रागवायची. ती मला तिथं तुझ्याकडून मिळाली.

आणि मी लटपटत होतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? एकदा धावण्यात नापास होऊन झालो होतो. पुन्हा कुठे अडकलो तर सरळ घरी, असा कागद माझ्या हातात दिला होता. रोज पहाटे तू मला दोरानं बांधल्यासारखा ओढत पळवायचास आणि मी तुला शिव्या घालायचो. "दे शिव्या," तू म्हणायचास. "शिव्या देते तवा तुया दम टिकते."

शेवटच्या कॅम्पातला तो मार्च. जोडीनं निघायचं, जोडीनं पोचायचं, एक जरी मागे राहिला तरी दोघं नापास. भर दुपारी, उरलेले तीन-साडेतीन किलोमीटर, आणि कोरड्या नाल्यात उतरताना माझा घोटा मुरगळला. आवाज तुलाही आला. मी दगडावर बसलो आणि म्हणालो, गाडी बोलाव, संपलं माझं. तू बुटाच्या नाड्या सोडू दिल्या नाहीस. उलट करकचून आवळल्यास. मग तुझा पिट्ठू पुढे छातीवर घेतलास, खाली वाकलास आणि म्हणालास, "बस." मी म्हटलं, वेडा आहेस का? तू म्हणालास, "बस नं बे, उन तापून रायलं."

हे मी आज पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा सरळ लिहितो आहे: तू मला पाठीवर घेतलंस. मी तुझ्या पाठीवर होतो. माझा पिट्ठू माझ्या पाठीवर आणि दोघांच्या रायफली माझ्या हातात. चारदा की पाचदा थांबलास, पाणी प्यायलास, पुन्हा वाकलास. शेवटचा दोनशे मीटरचा पट्टा उघडा होता, समोर साहेब लोक दुर्बिणी घेऊन उभे. तू झाडाआड मला उतरवलंस. "आता आपल्या पायानं चाल. दात चाव अन् चाल." आपण निघालो, आणि दहा पावलांवर तुझाच गुडघा दगा देऊन गेला. तू मटकन खाली बसलास. मी तुझ्या बगलेत हात घालून उभं केलं. लंगडत, फरफटत, तुला धरून मी ती रेघ ओलांडली. वेळेत.

साहेब लोकांना दिसलं ते एवढंच, शेवटचे दोनशे मीटर. मेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वेल डन, म्हणाले, जोडीदाराला सोडलं नाहीस. तू जमिनीवर गुडघा धरून पडला होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळा मारलास.

पुढे माझ्या घोट्याची सूज डॉक्टरांना दिसली तेव्हा तिचाही अर्थ ठरूनच गेला होता: जोडीदाराला उचलताना याचा पाय गेला. मला पंधरा दिवस सवलत आणि शाबासकी. तुझ्या गुडघ्यातलं काय काय फाटलं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मिलिटरीच्या इस्पितळात तुला भेटायला आलो तेव्हा मी खरोखर ठरवून आलो होतो, की सांगून टाकतो. तसं तुला म्हटलंही. तू उशीला टेकून संत्र सोलत होतास.

"काहून?" तू म्हणालास. "सांगून काय होईन? माया गुडघा नीट होते काय?"

"पण हे बरोबर नाही."

"दोघं काहून घरी जाचं गा? एक जाऊन रायला नं. तू हो पास. तुया खांद्याच्या पट्ट्यावर टिकली लागली का मी समजीन, अर्धी मायी हाय."

पासिंग आउट परेडला पाच आठवडे असताना मेडिकल बोर्डानं तुला घरी पाठवलं. ट्रंक घेऊन तू ट्रकमध्ये चढलास तेव्हा मी परेडच्या सरावात होतो. सुट्टी मागितली असती तर दहा मिनिटं मिळाली असती. मागितली नाही, तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

ते पाच आठवडे तू दिलेले होते, ते मी मान्य करतो. पुढची पंचेचाळीस वर्षं माझी मी घेतली. पहिल्या पोस्टिंगवर कोणीतरी विचारलं, तूच का तो, जोडीदाराला घेऊन आलेला? मी हसलो. नाही म्हणालो नाही. दुसऱ्या वर्षी मीच सांगू लागलो. दोनशे मीटरचं अर्धा किलोमीटर झालं, मग एक, मग तीन. एकदा तर सात झालं आणि बायकोनं भुवई उचलली. तुझं नाव मी कधी घेत नसे, 'एक सोबती' म्हणायचो, कारण नाव घेतलं की जीभ अडायची. तू आयतं बीळ करून दिलंस आणि मी नागोबा होऊन त्यात आयुष्यभर बसलो. आता आता तर मला खरंच आठवायला लागलं होतं की तुझं वजन माझ्या खांद्यावर होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी मी रिटायर होऊन नागपूरला आलो आणि घराचं काम काढलं. सुतार म्हणाला, साहेब, सागवान घ्याचं तं लकडगंजात चला, मायी ओळख हाय. टालीत शिरलो तर गल्ल्यामागे तू. केस पांढरे, पाय समोर स्टुलावर लांब केलेला. मी तुला ओळखलं आणि सरळ पाठ फिरवणार होतो. तेवढ्यात तू ओरडलास, "अबे शिरक्या!" सुतारानं तोंडाचा आ केला. कर्नलसाहेबांना अबे म्हणणारा त्यानं पाहिला नव्हता.

तू लंगडत आलास आणि मिठी मारलीस. लाकडाचा भुसा माझ्या शर्टाला लागला. मग स्वतः उठून ओंडके ठोकून ठोकून पाहिलेस, नाकाला लावून वास घेतलास आणि माझ्या दारासाठी लाकूड निवडलंस. "सहा महिने वाळू दे. मंग दार कर." मी म्हटलं, सहा महिने कोण थांबतो, दिवाळीत वास्तू आहे. यावरून आपण तिथंच भांडलो, अगदी नळावर भांडायचो तसं. तू म्हणालास, लाकूड कोनाच्या हुकमानं वाळत नाई. मी हट्टानं दार करून घेतलं आणि पहिल्याच पावसाळ्यात ते असं फुगलं की मला महिनाभर मागच्या दारानं जावं लागलं. पुढे दरवर्षी तू फोनवर विचारायचास, "दार उघडते का गा?" मी म्हणायचो, फर्स्ट क्लास. ते भांडण आपलं मिटलंच नाही आणि दार आजही चिकटतं. तुझंच बरोबर होतं.

त्या दिवशी निघताना तू सहज म्हणालास, "आपल्या कोर्सचा ग्रुप हाय म्हनते व्हॉट्सॲपवर. तूच चालवते म्हनते."

मी म्हटलं, हो.

"मले बी घेनं गा त्याच्यात. मी काई बोलनार नाई. नुसतं वाचीन. कोन कुटी हाय, कोनाचे पोरं काय करतेत. एवढंच."

तुझ्या तोंडावर जे होतं ते मी नीट पाहिलं नाही. मी म्हटलं, विचारतो सगळ्यांना. आठवड्यानं तुला फोन केला. म्हटलं, "मोऱ्या, बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की पासआउट झालेलेच घ्यायचे. नाहीतर मग सगळेच मागतील. नियम म्हणून..." तू म्हणालास, "नियम हाय तं हाय. आपन नियमवाले मानसं. तू कायले मनाले लावून घेते?"

मी कोणालाही विचारलं नव्हतं, मोऱ्या. एका माणसालाही नाही. असा नियम नव्हता, असं म्हणणंही कोणाचं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. मला भीती होती ती एवढीच, की तू आत आलास आणि कोणी लाडात येऊन तो किस्सा काढला, तर? तू काही बोलला नसतास, हे मला ठाऊक होतं. पण तू वाचलं असतंस. सात किलोमीटर वाचले असतेस. तेवढं मला सोसलं नसतं, म्हणून मी तुला बाहेर ठेवलं.

आपल्या ग्रुपात एक रीत आहे, तुला मीच सांगितली होती. पासिंग आउटच्या तारखेला सकाळी सातला हजेरी होते. ज्याचा त्याचा अकादमीतला कॅडेट नंबर, ओळीनं, आणि पुढे 'हजर'. जे गेलेत त्यांच्या वतीनं त्यांचा जोडीदार लिहितो. मी छत्तीस. तू सदतीस. दरवर्षी मी छत्तीस लिहायचो आणि पाठोपाठ अडतीस यायचा. आणि साडेसातला तुझा फोन. "झाली का गा परेड? आज आपला दिवस." आपला. एकदाही तू 'तुमचा' म्हणाला नाहीस. मी दोन मिनिटांत आटपायचो. बाहेर निघालोय म्हणायचो. खरं म्हणजे झोपाळ्यावर बसलेला असायचो.

तू घरी बोलवायचास, मी जमवतो म्हणायचो. वैशालीच्या लग्नाची पत्रिका तू स्वतः घेऊन आलास, जिना चढून, तो गुडघा घेऊन. माझ्या बायकोनं खाली येते म्हटलं तर तू ऐकलं नाहीस. "या हो वहिनी, सगळे या. शिरक्याले ओढून आना." लग्नाच्या दिवशी मी दिल्लीला गेल्याचा निरोप धाडला आणि धरमपेठेतल्या माझ्या घरात पडदे लावून क्रिकेटची मॅच पाहिली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिनं कारण विचारलं आणि मी तिच्यावरच डाफरलो.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो, कारण ते तुला माहीत नाही.

तू गेल्याची बातमी मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकली. कोरडी, दोन ओळींची. वाटलं, दोन-चार हात जोडलेली चित्रं येतील आणि संपेल. मोऱ्या, फोन दिवसभर थांबला नाही. चंदीगडहून गिलनं लिहिलं की तो तुला वीस वर्षं शोधत होता, खाप्याच्या पत्त्यावर पत्रंसुद्धा टाकली होती. कोणी लिहिलं, बारापात्रेनं मला दोरीवर चढायला शिकवलं. कोणी लिहिलं, बारापात्रेच्या पत्र्याच्या डब्यातले लाडू. सगळ्यांना तू आठवत होतास. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, वेगवेगळ्या शब्दांत. तो नागपुरातच होता? मग इथं का नव्हता? गिलनं मला सरळ विचारलं, तुझ्या गावात राहत होता आणि तुला कधी भेटला नाही? मी लिहिलं, संपर्क तुटला होता.

मग पिल्ले आला. आपल्या कोर्समधला नागपुरात राहिलेला दुसरा तोच, कामठी रोडला असतो. "चल यार, घर चलते हैं. अपना लड़का था." टाळायला कारण सुचेना. गेलो. तुझं घर मी पहिल्यांदा पाहिलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. भिंतीवर तुझा तो एकच गणवेशातला फोटो, पहिल्या टर्मचा, डोकं भादरलेला. शालिनी वहिनी सतरंजीवर बसल्या होत्या. आणि वैशाली आतून आली, तिनं माझं नाव विचारून खात्री केली, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"काका, तुमी तेच नं? बाबाले पाठीवर घेतलं होतं तुमी. मी लहान होती तवापासून आयकत आली. बाबा सांगे, शिरक्या नसता तं मी त्या नाल्यातच मरलो असतो."

पिल्लेचे डोळे भरून आले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं जमीन फाटावी. तू हे घरी असं सांगितलं होतंस? उलटं? स्वतःच्या पोरीला? मी तोंड उघडलं. शप्पथ सांगतो, मी सांगणार होतो. पण पिल्ले शेजारी होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझा बाप फार मोठा माणूस होता." हे वाक्य कोणीही कोणाबद्दलही बोलतं. आम्ही चहा पिऊन उतरलो. जिन्यात पिल्ले म्हणाला, तेरे जैसा दोस्त सबको मिले. मी गाडीत बसलो आणि घराची किल्ली गाडीला लावत राहिलो. त्याला वाटलं दुःखानं.

युद्धात मी घाबरलो नाही, हे खरं आहे, त्याचं प्रमाणपत्रही आहे माझ्याजवळ. पण दोन बायकांसमोर सतरंजीवर बसून एक वाक्य बोलताना घाबरलो. त्या दिवसापासून जेवण जात नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मग तो पत्रिका घेऊन आला तेव्हा तरी तुम्ही खाली मांडी घालून बसला असतात त्याच्याजवळ." हे लिहून झालं की जसंच्या तसं ग्रुपवर टाकणार आहे. शिव्या घालतील, घालू देत. शिव्यांनी दम टिकतो असं तूच म्हणायचास. पण पिल्ले आणि गिलच्या आधी वहिनींना कळायला हवं, तेवढी अक्कल मला या वयात आली. म्हणून काल सकाळी एकटा तुझ्याकडे गेलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी खुर्चीवर बसलो नाही. समोर सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी वैशाली जे म्हणाली ते तसं नाही. मी त्याला उचललं नव्हतं. त्यानं मला उचललं होतं. त्याचा गुडघा माझ्यापायी गेला. त्याची नोकरी माझ्यापायी गेली."

त्यांचा हात थांबला नाही. खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मले माहीत हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लग्न ठरलं तवाच सांगितलं होतं त्यायनं. पाय असा काहून हाय ते सांगाच लागत होतं नं. मले खरं सांगितलं. मंग पोरगी मोठी झाली, विचाराले लागली, तं तिले उलटं सांगितलं. मी म्हनलं, काहून जी लेकराले खोटं सांगता? तं म्हने, शिरक्या कधी ना कधी येईन आपल्या घरी. पोरगी पाया पडन त्याच्या. त्याले मान खाली घालाची पाळी येऊ नये."

तांदूळ एका बाजूला सारून त्यांनी ताट खाली ठेवलं.

"आला म्हंजे त्याले बराबर वाटलं पायजे, म्हने. रोडगे करजो म्हने, त्याले आवडते. लग्नात तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती समोर, कोनाले बसू देल्लं नाई." मग, रागानं नाही, नुसतंच म्हणाल्या, "वाट पायली त्यायनं. तुमी आलेच नाई."

मी हात जोडले तर त्या म्हणाल्या, "माया कायले पाया पडता? पोरीले सांगा. तिले खरं माहीत नाई. तुमीच सांगा, मी नाई सांगनार." आणि त्यांनी आत हाक मारली.

वैशाली आली, ओले हात ओढणीला पुसत. मी तिला सांगितलं. नाला, पिट्ठू, बूट, झाडाची आड, दोनशे मीटर. इस्पितळातलं संत्रसुद्धा सांगितलं. या वेळी एक पाऊलही वाढवलं नाही. ती आईकडे पाहत होती, आणि आई मान हलवत होती, हो म्हणून. ती हळूहळू खाली बसली. भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे तिनं एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. ती तुझीच पोरगी, मोऱ्या. तिनं नेमकं जिथं बोट ठेवायचं तिथं ठेवलं.

"मंग काका, बाबाले तुमच्या त्या ग्रुपात काहून घेतलं नाई? ते तं म्हनत होते, मी पास नाई झालो, नियम हाय."

"नियम नव्हता," मी म्हणालो. "मी कोणाला विचारलंच नाही. सगळे त्याला शोधत होते. मी खोटं सांगितलं त्याला."

बाहेर शेजारच्या टालीवरच्या लाकूड कापायच्या आऱ्याचा आवाज येत होता. मग तिनं मला नाही, आईला विचारलं.

"बाबाले माहीत होतं का हे?"

वहिनींनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. नियमाचा तो फोन ठेवल्याबराबर."